कार्यभार, मध्यान्हपूर्व

विद्यापीठात मला सगळे बानूबाई म्हणतात. पूर्ण नाव अख्तरबानू तांबोळी, पण ते फक्त पगारपत्रकावर. पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते ऐकून माझा एक घास कमी झालेला नाही. माझे वडील बुधवार पेठेत पुस्तकबांधणी करायचे. एखादं पान उलटं लागलेलं दिसलं तर अख्खं पुस्तक उसवून परत शिवायचे. तोच खाक्या माझ्यात उतरला. पासष्ट साली टंकलेखक म्हणून लागले, एक्क्याण्णव साली कुलगुरूंच्या कार्यालयाची अधीक्षक होते, आणि मधल्या सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावरून चुकीचा कागद बाहेर गेला नव्हता. हे मी लोकांना ऐकवतही असे. अगदी न विचारता.

त्या वर्षी जूनमध्ये दोन गोष्टी एकाच दिवशी येऊन पडल्या. वीस तारीख ही पदव्युत्तर प्रवेशाची शेवटची तारीख. आणि त्याच दिवशी आमचे कुलगुरू डॉ. दिगंबर लवाटे पायउतार होऊन त्यांच्या जागी डॉ. हिंदुराव शितोळे येणार होते. पेपरात तीन महिने नावांची आतषबाजी चालली होती. आज हा, उद्या तो. नाव जाहीर झालं तसा व्हरांड्यातल्या लोकांचा रंग बदलला. काल लवाटेसरांच्या दाराशी घुटमळणारे आज शितोळे यांचं गाव कुठलं, त्यांच्या मामाची सोयरीक कुणाकडे, असल्या चौकशा करत फिरू लागले. मला या मंडळींची मनापासून चीड येते.

कुलगुरू बदलतात तेव्हा आमच्याकडे एक कागद होतो, कार्यभार अहवाल. जुने साहेब लिहून देतात की मी कार्यभार सोपवला, नवे लिहून देतात की मी स्वीकारला. खाली दोघांच्या सह्या. त्यात तारखेपुढे एक शब्द असतो. मध्यान्हपूर्व लिहिलं तर बाराच्या आत कार्यभार घेतला, म्हणजे तो सबंध दिवस नव्या माणसाचा. मध्यान्होत्तर लिहिलं तर कार्यभार देईपर्यंतचा दिवस जुन्याचा. आजवर आलेला प्रत्येक कुलगुरू सकाळी अकराच्या आत खुर्चीत बसला होता. त्यामुळे मी हा अहवाल नेहमी आदल्या दिवशीच टाईप करून ठेवायची, पाच कार्बनप्रतींसह. नवा साहेब आला की पेन काढावं आणि सही करावी. याही वेळी ठेवला.

आता सोमवारची गोष्ट. सतरा जून. सकाळी साडेदहाला नऊवारीतली एक म्हातारी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. बरोबर पस्तिशीची एक बाई, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"सायबांना भेटायचं हाय," म्हातारी म्हणाली.

"कशासाठी?"

"सुनंला शाळेत घालायचीय."

मी हसू दाबलं. सुनेनेच पुढे होऊन सांगितलं. तिचं नाव वासंती संपत धनकवडे. सासूचं आनंदीबाई. घर कात्रजला, थोडी जमीन, गाईगुरं. वासंती तिथल्या दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. एकोणऐंशी साली रसायनशास्त्रात एम.एस्सी.चं पहिलं वर्ष पहिल्या वर्गात पास झाली आणि दुसऱ्या वर्षाला आलीच नाही. आता यायचं होतं.

"सहा वर्षांपेक्षा जास्त खंड चालत नाही," मी म्हटलं. "तुमचा बाराचा आहे."

"माहीत आहे," वासंती म्हणाली. "पण जुना अभ्यासक्रम यंदा बंद होतोय. ही शेवटची तुकडी आहे. यंदा नाही घेतलं तर पहिलं वर्षही वाया जाईल. मग पुन्हा दोन वर्षं. डेअरीनं एकाच वर्षाची रजा दिलीय. कुलगुरूंना विशेष अधिकार असतो असं विभागात सांगितलं."

"असतो. अर्ज आवक खिडकीवर द्या. उत्तर टपालानं येईल."

"कवा?" म्हातारीनं विचारलं.

"येईल तेव्हा."

दुसऱ्या कुणी एवढ्यावर काढता पाय घेतला असता. या दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या त्या पाच वाजेपर्यंत. मंगळवारी पुन्हा हजर, डबा घेऊन. चहाला बाहेर पडले की म्हातारी माझ्याकडे बघणार, परत आले की बघणार. माझं डोकं फिरलं.

"आजी, तुम्ही इथे बसल्यानं फाईल पळत नाही," मी म्हटलं.

"न का पळंना," ती म्हणाली. "म्या हिला बारा वर्सं बसवून ठिवली, मला दोन दिस बसाया काय हुतंय?"

मग तिनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, पण तिला सांगायचंच होतं. नवीन लग्न झालं तेव्हा संपत बायकोला सायकलवर डबलसीट घेऊन स्वारगेटपर्यंत सोडायचा. गावातली माणसं हसायची. आनंदीबाईंना ते लागलं. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचा त्या दिवशी त्या दारात आडव्या पडल्या. घरात गुरं आहेत, माणसं आहेत, आता शाळा बास.

"आन् ही येक शबुद बोलली न्हाई, बाई. पिशवी ठिवली आन् गोठ्यात ग्येली. मला वाटलं, लई झ्याक झालं. मागल्या साली हिनंच शिकिवलेला पोरगा डेअरीत हिचा सायब झाला. का, तर त्याच्यापाशी ती डिग्री हाय. हिनं घरात सांगितलं बी न्हाई. मला दूध घालाया येनाऱ्या बाईकडून कळलं. तवापासून मला अन्न ग्वाड लागंना."

वासंती मान खाली घालून बसली होती. "आई, पुरे ना," एवढंच म्हणाली.

मी कुणाच्या फायली पळवत नाही. हे मला सगळीकडे अभिमानानं सांगता येत असे. पण त्या दिवशी दुपारी मी स्वतः आवक खिडकीवर गेले, तो अर्ज गठ्ठ्यातून काढला आणि फाईल काखोटीला मारून रसायनशास्त्र विभागात निघाले. विभागप्रमुखांचा अभिप्राय घेतला. बुधवारी अधिष्ठात्यांचा. राहिले पात्रता विभागाचे उपकुलसचिव सर्जेराव काळभोर. हे गृहस्थ येईल तो कागद वाचतात. चहाचं बिलसुद्धा दोनदा वाचतात. आमचं कधी पटलं नाही, कारण चुका काढणं हे माझं काम आहे अशी माझी समजूत होती आणि त्यांचीही तीच. फाईल ठेवून घेत ते म्हणाले, "बानूबाई, तुम्ही? हातात फाईल घेऊन? नवे कुलगुरू फारच कडक दिसताहेत."

"तुमच्या टेबलावर फाईल म्हातारी होऊ नये म्हणून आलेय," मी म्हटलं.

वीस तारखेला सकाळी साडेदहाला शितोळेसरांचा फोन आला. त्यांच्या कॉलेजात त्यांचा शेवटचा तास दुपारी होता, मुलांना शब्द दिला होता, तेव्हा ते अकराऐवजी चारला येतील. असला कुलगुरू मी पाहिला नव्हता. खुर्ची वाट बघतेय आणि हे फळ्यावर लिहितायत!

लवाटेसर खूश झाले. "म्हणजे दुपारपर्यंत मीच. चला, तांबोळीबाई, अजून कुणाकुणाचं वाटोळं करायचं राहिलंय, आणा."

मी सर्जेरावांना तीनदा फोन केला. शेवटी दोन वाजता फाईल आली, त्यांच्या बारीक अक्षरातल्या दीड पान टिपणीसह: खंड मोठा आहे, तथापि कुलगुरूंच्या विशेष अधिकारात मान्यता देता येईल. सरांनी सगळं वाचलं आणि दोघींना आत बोलावलं.

"बारा वर्षांनी जमेल?" त्यांनी वासंतीला विचारलं.

"रोज दूध तपासते, सर. हात विसरलेला नाही."

"आणि घरचं?"

"घरचं म्या बगती," आनंदीबाई म्हणाल्या. "गुरं बी बगती आन् पोरं बी."

सरांनी सही केली. अडीच वाजले होते. "पास झाल्यावर पेढे आणू नका, मला मधुमेह आहे. गुणपत्रिका आणा," म्हणाले. आनंदीबाई पाया पडायला वाकल्या तसे सर खुर्चीसकट मागे सरकले. मी स्वतः त्यांना घेऊन फीच्या खिडकीवर गेले. सव्वातीनला पावती वासंतीच्या हातात पडली. तिनं ती दोन्ही हातांनी धरली. मला तर इतका आनंद झाला होता की मी खिडकीवरच्या माणसाला चक्क धन्यवाद म्हटलं. तो घाबरला.

चारला शितोळेसर स्कूटरवरून आले. हार, गुच्छ, फोटोवाले, बटाटावेफर, गर्दीत ज्याच्या त्याच्या तोंडी साहेब साहेब. मी कालचा तयार अहवाल पुढे केला. लवाटेसरांनी सही केली, शितोळेसरांनी केली, फोटोवाल्यांनी दोघांना पेन धरायला लावून पुन्हा एकदा करायला लावली. साडेपाचच्या टपालानं मूळ प्रत मुंबईला राजभवनाकडे गेली, बाकीच्या त्या त्या विभागांना. कागदावर काय होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नव्या साहेबांनी दोन कामं केली. टेबलावरची घंटी काढून टाकली, म्हणाले, काही हवं असलं तर मीच बाहेर येईन. मला ते मुळीच आवडलं नाही. साहेब उठून अधीक्षकाच्या टेबलाशी येऊ लागला की कार्यालयाची काय शान राहते? दुसरं म्हणजे परिपत्रक काढलं: वीस जूननंतर कुणाचाही प्रवेश कुणाच्याही शिफारशीवरून होणार नाही. हे मात्र मला पसंत पडलं. पेपरांनी चौकटीत छापलं. शिफारशीची चाळीसेक पत्रं तेव्हा आमच्याकडे पडून होती, त्यांतली निम्मी मुंबईहून आलेली. ती सगळी एका फटक्यात बाद झाली.

मंगळवारी, पंचवीस तारखेला, सर्जेराव माझ्या टेबलाशी आले. हातात दोन कागद. बसले नाहीत.

"बानूबाई, शितोळेसर वीस तारखेला किती वाजता आले?"

"चारला. तुम्हीही होतात की. वेफर खात होतात."

"मग हे काय आहे?"

त्यांनी कार्यभार अहवालाची प्रत ठेवली. त्यांचं बोट एका शब्दाखाली होतं. मध्यान्हपूर्व.

सकाळी फोन आला तेव्हाच तो कागद फाडून नवा करायला हवा होता. मी मात्र धनकवडेंच्या फायलीमागे धावत होते, आणि तयार कागद म्हणजे बिनचूक कागद अशी माझी सव्वीस वर्षांची गुर्मी.

सर्जेरावांनी दुसरा कागद ठेवला. वासंतीला जायचं पत्र, टाईप केलेलं, सही व्हायची होती. "दिनांक २० रोजी मध्यान्हपूर्व कार्यभार हस्तांतरित झालेला असल्याने त्या दिवशी डॉ. लवाटे यांना सदर आदेश देण्याचा अधिकार नव्हता. सबब प्रवेश रद्द करण्यात येत आहे."

"तुम्हाला खरं माहीत असून हे पाठवणार?" माझा आवाज चढला.

"मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही. उद्या ज्या चाळीस जणांना आपण नाही म्हटलं त्यांपैकी एकानं कोर्टात विचारलं, या बाईला कोणत्या अधिकारात घेतलं, तर मी काय दाखवू? वेफर?"

"मग नव्या साहेबांची सही घ्या."

"परिपत्रक कुणाचं आहे? तारीख उलटल्यावर त्यांनी एकाला घेतलं की ते चाळीसही दारात." मग त्यांनी ते पत्र परत उचललं. "विद्यार्थ्यांची अंतिम यादी शुक्रवारी विभागात जाते. तोपर्यंत हे पत्र माझ्या खणात राहील. शुद्धिपत्र निघालं, दोघांच्या सह्यांनी, तर मी माझा आक्षेप मागे घेईन. मला ते पत्र पाठवायची हौस नाहीये, बाई."

ते गेले. मी बसून राहिले. त्या पोरीनं बारा वर्षांनी पावती हातात घेतली आणि ती फाडायला निघाली होती माझीच दोन बोटं! वर हेही खरंच सांगते की माझ्या नावाचाही विचार आला. कुलगुरूंच्या पहिल्याच कागदात चूक, तीही बानूबाईंची. लोकांना वर्षभर पुरलं असतं. खणात पेन्सिलीला टोक काढायचं पातं होतं. कार्यालयीन प्रत माझ्याच कपाटात. शब्दाचं एक टोक खरवडायचं, वर पुन्हा टाईप करायचं, मुंबईतली प्रत कोण काढून बघतोय? मी ते पातं हातात घेतलं. खोटं कशाला बोलू, चांगलं दोन मिनिटं धरून बसले. मग माझी मलाच शरम वाटली. सर्जेरावांनी प्रत वाचलेली आहे हेही आठवलं, ते काही मी लपवत नाही. पातं परत ठेवलं, खुलासा लिहिला आणि साहेबांच्या खोलीत गेले.

शितोळेसर उभे राहूनच कपाटातले अहवाल चाळत होते.

"साहेब, माझ्या हातून चूक झालीय," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. म्हातारीपासून पात्यापर्यंत. पात्याचं सांगायची खरं तर गरज नव्हती.

त्यांनी अहवाल मागितला. वाचला. चष्मा काढला.

"यावर माझी सही आहे."

"हो, पण टाईप मी केलाय. जबाबदारी माझी. खुलासा लिहून आणलाय." मी कागद पुढे केला. त्यात मी स्वतःची यथेच्छ हजेरी घेतली होती.

त्यांनी तो वाचला, त्याची घडी घातली आणि मला परत दिला. "बानूबाई, मी तेवीस वर्षं मुलांना सांगतोय, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि कुलगुरू म्हणून पहिली सही मीच न वाचता केली. हार गळ्यात होते ना, खाली बघता येत नव्हतं. वही आणा, मजकूर सांगतो."

मी लघुलिपीची वही घेऊन बसले. ते सांगू लागले: "दिनांक २० जूनच्या कार्यभार अहवालात वेळ चुकीची नमूद झाली आहे. प्रत्यक्षात मी कार्यभार त्या दिवशी मध्यान्होत्तर चार वाजता स्वीकारला. सही करण्यापूर्वी अहवाल वाचणे माझे कर्तव्य होते, ते मी केले नाही. ही चूक माझी आहे."

"साहेब, असं नका लिहू," मी म्हटलं. "राजभवनाला तुमचं हे पहिलंच पत्र जाणार."

"पहिलं गेलंय. तेच तर चुकलंय. लिहा."

कुलसचिव मध्येच आत आले होते. तेही म्हणाले, सर, पहिल्या आठवड्यात असं बरं दिसत नाही, "कार्यालयीन अनवधानाने" असं घालू. शितोळेसरांनी विचारलं, "सही कार्यालयानं केली होती का?" मला वहीतलं दिसेना. सव्वीस वर्षांत साहेबांच्या चुका मी माझ्या माथ्यावर घेतल्या होत्या, ते नोकरीतच धरलेलं असतं. माझी चूक कुणा साहेबानं स्वतःच्या नावावर लिहून घेतलेली मी पाहिली नव्हती. त्या क्षणापासून हा माणूस माझा साहेब झाला. पदर डोळ्यांना लावला आणि म्हटलं, "धूळ फार झालीय या कपाटात, उद्या झाडून घेते."

"घ्या," ते म्हणाले. "आणि लवाटेसरांची सही आणायला तुम्हीच जाल ना? ते मला घाबरवतात."

बुधवारी सकाळी आठ वाजता मी सदाशिव पेठेत सरांच्या फ्लॅटवर. दार त्यांनीच उघडलं. हॉलमध्ये पुस्तकांचे ढीग, मधोमध सर.

"तांबोळीबाई! मी गेलो तेव्हा रडला नव्हतात, आता आठवडाभरानं आठवण झाली?"

मी शुद्धिपत्र दिलं आणि चूक सांगितली. सरांनी दोनदा वाचलं. शितोळेंचं शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"म्हणजे तुम्हीही चुकता तर. सहा वर्षं मी तुमच्यासमोर अवघडून बसत होतो, ते फुकटच."

"सर, थट्टा नको. माझा जीव गेला होता."

"बसा. पाणी प्या." त्यांनी पेन काढलं, सही केली, खाली तारीख घातली, आणि वेळही घातली, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. "आता कुणी विचारलं तर सांगता येईल. आणि शितोळेंना माझा निरोप द्या. म्हणावं, माझ्या काळात हे पत्र मी लिहिलं असतं की नाही, मला शंका आहे. विद्यापीठ बऱ्या हातात दिलंय असं वाटतंय. आजवर वाटत नव्हतं."

मी जिना उतरताना देवाचे आभार मानले. लवाटेसरांसारख्या माणसाच्या हाताखाली सहा वर्षं काढली आणि आता असाच दुसरा मिळाला, हे भाग्य नाही तर काय!

गुरुवारी सर्जेरावांनी खणातलं पत्र काढून माझ्यासमोर फाडलं. फाईलवर आक्षेप मागे घेतल्याची टिपणी लिहिली, यादीत वासंतीचं नाव घातलं. जाताना म्हणाले, "शुद्धिपत्रात एक स्वल्पविराम कमी आहे. पण राहू द्या." त्यांच्या दोनदा वाचण्यामुळेच सगळं कागदोपत्री सरळ झालं होतं, नाहीतर वर्षाच्या मध्यावर कुणीतरी उकरून काढलं असतं. म्हणून मी त्यांना चहा पाजला. आमच्या इमारतीत त्याची बातमी झाली.

सोमवारी, एक जुलैला, वर्ग सुरू झाले. सकाळी पावणेदहाला दोघी माझ्या टेबलाशी आल्या. वासंतीच्या खांद्यावर पांढरा कोट, नवा, इस्त्रीचा. आनंदीबाईंनी खरवसाचा डबा पुढे केला.

"पयलं तुमाला भेटायचं, मग वर्गात, असं ठरिवलं हुतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळं झालं, बाई. तुमचं उपकार कसं फेडावं?"

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पत्र गेलंच नव्हतं. डबा घ्यायचा, तोंड गोड करायचं आणि गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं मला. पण ती म्हातारी हात जोडायला लागली आणि माझ्याच्यानं ते बघवेना.

"आजी, हात जोडू नका. माझ्यामुळे तुमच्या सुनेचा प्रवेश जवळजवळ गेला होता." मी सगळं सांगून टाकलं. रद्द करायचं पत्र टाईपसुद्धा झालं होतं हेही. "दोन साहेब भले निघाले आणि एक सर्जेराव नावाचे गृहस्थ आहेत, त्यांनी तीन दिवस पत्र खणात ठेवलं, म्हणून वाचलं. मला काय बोलायचं ते बोला."

वासंतीचा चेहरा उतरला. तिनं कोट घट्ट धरला. आनंदीबाईंनी डबा टेबलावर ठेवला.

"सायेब रागावलं?"

"नाही. स्वतःच्या नावावर घेतलं. मला माफ केलं."

म्हातारीनं मान हलवली. मग वासंतीकडे बोट केलं. "मला बी हिनं केलं. कवा केलं त्ये म्हाईत न्हाई. बोलली न्हाई ना कदी. पर म्या तिला इकडं यायचं म्हनलं, तवा तिनं आदी माजी चप्पल आनून पायाशी ठिवली."

वासंती रडू लागली. सासूनं तिचे डोळे स्वतःच्या पदरानं पुसले आणि तिला वर्गाकडे ढकललं, "जा, मास्तर आला आसंल." ती गेली. जाताना तिनं माझा हात धरला, जोरात, आणि सोडून दिला.

मी आनंदीबाईंना बाकावर नाही, माझ्या समोरच्या खुर्चीत बसवलं. खरवसाचा डबा उघडला. शितोळेसर काहीतरी विचारायला बाहेर आले, त्यांना एक वडी दिली, सर्जेरावांना फोन करून बोलावलं. आम्ही चौघांनी तिथेच खरवस खाल्ला. आनंदीबाई सरांना म्हणाल्या, "तुमीच काय नवे सायेब? लई चांगलं लेकरू हायसा." आणि कुलगुरू हातातली वडी सांभाळत वाकले आणि त्यांच्या पाया पडले.